पाइप बाहेरच होता

व्हॅक्यूम पंपाला काय लागतं, बटण दाबलं की झालं, असं कोणी म्हटलं की माझं डोकं आजही फिरतं. गेल्या उन्हाळ्यात एका शिकल्यासवरल्या इंजिनियरने मला हेच ऐकवलं. मी त्याला तीन शिव्या दिल्या. त्यातली एक त्याच्या मास्तरांना होती. घरी आलो आणि बायकोला म्हटलं, आज भूक नाही. तिने विचारलं, काय झालं. आता तिला काय सांगणार, डोंबल? पन्नास वर्षांत तिला जे सांगितलं नाही, ते आता लिहून काढतो.

आधी पंपाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. थंडीच्या मशीनच्या नळ्यांत हवा राहिली, ओल राहिली, की मशीन गेलं समजा. ओल गोठते आणि नळीचं तोंड बंद करते, नाहीतर आतल्या आत गंज धरतो. म्हणून नवा गॅस भरायच्या आधी पंप लावायचा आणि नळ्यांतलं असेल नसेल ते सगळं ओढून काढायचं. दाब दाखवणाऱ्या गेजची सुई हळूहळू शून्याच्याही खाली जाते. ती तळाला नेऊन तिथं थांबवून दाखवायची. याला तास लागतात. कधी दिवस जातो. माणसाला घाई असते, पंपाला नसते.

हे मला ज्याने शिकवलं तो मिस्त्री नागपूरचा. शिकवलं म्हणजे मारून शिकवलं. एक नियम चुकला की पान्याचा एक टोला, बोटांच्या पेरांवर. पंप लावायच्या आधी तेलाची काच बघ. टोला. धोतराचा सोगा खोच, पंपाच्या फिरत्या पट्ट्यात गेला तर सोग्याबरोबर तूही जाशील. टोला. मशीनमधला जुना गॅस आधी मोकळ्या हवेत सोड, सुई शून्यावर येऊ दे, दाब असताना पंप लावशील तर पंप सगळा गॅस तुझ्या तोंडावर ओकेल. बंद करताना व्हॉल्व्ह आधी आणि बटण मागून, उलटं केलंस तर पंपाचं तेल नळ्यांत चढेल. आणि सगळ्यात मोठा नियम, ज्यासाठी त्याने मला दोनदा रडवलं होतं, तो हा: पंप जे ओढतो ते कुठंतरी ओकतोच, तेव्हा त्याच्या ओकायच्या तोंडाला पाइप लावायचा आणि तो पाइप खिडकीबाहेर सोडायचा. खिडकी उघडी पाहिजे, दार उघडं पाहिजे.

त्या वेळी छोट्या मशीनमध्ये मिथाइल क्लोराइड नावाचा गॅस असे. मिस्त्री बोटं मोडत म्हणायचा, "अमोनिया शिव्या देत येते, माणूस आपोआप पळते. हा चूपचाप येते. वास पाह्यशील तर गोड. दारू पेल्यावानी माणूस झुलते, बडबडते, पडते, अन् मंग उठतच नाई. अन् जड आहे हा, जमिनीवर बसून राह्यते. ध्यानात ठेव." मी ध्यानात ठेवलं होतं. विसरलो होतो असं मी कधीच म्हणू शकत नाही, हीच तर पंचाईत आहे.

स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली असतील. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत, आणि गडचिरोली त्याच जिल्ह्यातलं एक गाव होतं. आलापल्लीच्या पुढं जंगलात एका लाकूड-ठेकेदाराचा बंगला होता. सागवान कापायच्या आऱ्यासाठी त्याने डिझेलचं जनरेटर आणलं होतं, त्यामुळं वीज होती. मुंबई-नागपूरचे बडे लोक त्याच्याकडे शिकारीला यायचे. त्यांना थंड बीअर पाहिजे, मांस टिकलं पाहिजे, म्हणून सेठने नागपूरच्या एका बंद पडलेल्या हॉटेलचं जुनं मशीन उचललं आणि आम्हाला बोलावलं. बंगल्याच्या मागच्या अंगाला एक थंड खोली बांधून तयार होती. तिला लागून मशीनची खोली. दहा बाय आठची, एक दार, एक खिडकी. खिडकी उघडायची ती नेमकी व्हरांड्याकडं.

मशीन ट्रकमधून उतरवायला आसपासच्या गावांतून माणसं आणली होती. त्यातला एक मिस्त्रीच्या नजरेत भरला. चाळिशीचा गोंड माणूस, दोन कोसांवरच्या गावचा. अंगाने काटक, हात अजिबात हलत नसे. तांब्याची नळी धरायला सांगितली तर खुंटीला बांधल्यासारखी धरून उभा राही. मिस्त्रीने त्याला पंपावर ठेवून घेतला. नाव सांगत नाही, त्याच्या घरचे लोक असतील अजून. आम्ही त्याला दादा म्हणायचो. तो माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठा, तरी मला भाऊ म्हणे आणि मी त्याला अरे-तुरे करी. तेव्हा ते कोणालाच खटकलं नाही, मला तर नाहीच.

दादाला वाचता येत नव्हतं. मिस्त्रीने गेजच्या काचेवर, सुईच्या तळाच्या जागी, कुंकवाचं बोट लावून दिलं. सुई इथी आली की आवाज दे म्हणाला. झालं, दादाला तेवढं पुरलं. चार दिवसांत तो पंपाचे सगळे नियम शिकला आणि ते मी दोन वर्षांत शिकलो होतो त्याच्यापेक्षा चांगले. तेलाची काच पुसून बघे. तळहात मोटारीवर ठेवून ती किती तापली ते सांगे. बंद करताना व्हॉल्व्ह आधी, बटण मागून, एकदाही चुकला नाही आणि त्याला एकदाही टोला बसला नाही. मिस्त्री मला म्हणाला, "पाय बे, याले म्हणते हात." माझा जळफळाट झाला. मी चोवीस वर्षांचा होतो, दोन वर्षं मार खाल्ला होता, आणि हा कालचा माणूस.

दादाने दारू सोडली होती. हे सगळ्या बंगल्याला ठाऊक होतं, कारण त्या मुलखात ती अजब गोष्ट होती. देवाला मोहाची, लग्नात मोहाची, मयतीला मोहाची, आणि हा तिथं बसून पाणी पितो. लोक त्याची टिंगल करायचे. एक दिवस दुपारी जेवताना त्याने मला आपणहून सांगितलं. आधी तो खूप प्यायचा. पिऊन बायकोला मारायचा. एकदा तिचा हात मोडला. ती लहान पोरीला घेऊन भावाकडे निघून गेली. गावाचे पंच बसले. ठरलं असं की पेरणीपासून धान कापेपर्यंत याने मोह तोंडाला लावला नाही, तर भावाने बहिणीला परत आणून सोडायचं. एकदा जरी प्याला, तर सोडचिठ्ठी, आणि पोरगी आईकडंच राहील.

"देवाले वाहतो," दादा म्हणाला, "पण तोंडाले लावत नाई. आता आठ दिवस राह्यले भाऊ. धान पिवळं झालं." असं म्हणून तो हसला. मी त्याला हसताना पाहिलेली ती एकच वेळ. मी काय म्हटलं असेल? म्हटलं, "पाहू ना, कुत्र्याचं शेपूट." त्याने भाताचा पुढचा घास घेतला.

आता त्या दिवसाचं. सेठचे पाहुणे दोन दिवसांनी येणार होते. मिस्त्रीला नळीच्या सांध्यात बसवायचं एक गॅसकेट पाहिजे होतं, म्हणून तो सकाळी ट्रकने आलापल्लीला निघाला. जाताना मला म्हणाला, "आज तू पाय. जुना गॅस बाहेर सोड, सुई शून्यावर येऊ दे, मंगच पंप लाव. मी येईपर्यंत सुई कुंकवाले भिडली पायजे. भिडली, तर पुढच्या महिन्यापासून तुले हे मशीन पाह्यले इथीच ठेवतो, सेठशी बोललो आहे." म्हणजे मी मिस्त्री होणार. माझ्या छातीत हवा भरली.

छातीत भरलेली हवा काढायचा पंप अजून निघाला नाही. सुई शून्यावर यायला अर्धी सकाळ लागते. मी घटकाभर वाट पाहिली, नळीतून फुसफुस चालूच होती, आणि मी म्हटलं, होते तेवढं पुरे. पंप लावला. मशीनच्या तेलात मुरलेला गॅस तर अजून सगळाच आत होता. पंप खडखडत सुरू झाला, खिडकीबाहेरच्या पाइपातून तेलकट धूर निघायला लागला. दादा स्टुलावर बसून सुई बघत होता. ते स्टूल मिस्त्रीचं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला सहन झालं नाही.

"स्टुलावर बसून राह्यला? तू काय साहेब आहेस? उतर खाली."

तो उतरला. जमिनीवर मांडी घालून बसला, मान वर करून सुईकडे बघत. स्टूल मी उचलून बाहेर नेलं. मला त्यावर बसायचंही नव्हतं. ते व्हरांड्याच्या कोपऱ्यात दिवसभर रिकामं पडून होतं.

आणि नेमके त्याच दिवशी पाहुणे आले. दोन दिवस आधी. दोन मोटारी, सहा माणसं, बंदुका, खानसामा. सेठची धावपळ उडाली. व्हरांड्यात टेबल मांडलं, जेवण लागलं. सेठचा हिशेब बघणारा मुनशी धावत माझ्याकडं आला.

"हा काय धूर सोडून राह्यला बे? पाहुणे जेवाले बसले. खिडकी लाव, सेठ चिडून राह्यले."

"पाइप बाहेर पायजे," मी म्हटलं.

"मंग तुझं मशीन बंद कर. पण तो वास तिथी नको."

बंद केलं तर सुई वर चढणार, पुन्हा पहिल्यापासून. मिस्त्री संध्याकाळच्या आत येणार. मग मी माझी अक्कल चालवली. चांद्याच्या बर्फाच्या कारखान्यात मी पाहिलं होतं, अमोनिया सोडायचा असला की नळीचं तोंड पाण्याच्या पिपात बुडवतात. पाणी सगळा अमोनिया पिऊन टाकतं, वाससुद्धा येत नाही. मी म्हटलं, गॅस तो गॅस. पाइप आत ओढला, पाण्याच्या बादलीत बुडवला, खिडकी लावली. दारही ओढून घेतलं, कारण पंपाचा आवाज पाहुण्यांना नको. बादलीत बुडबुडे यायला लागले. धूर दिसेना. मी स्वतःवर खूश झालो. अमोनिया पाण्यात विरतो, हा जवळजवळ विरत नाही, बुडबुड्याने वर येतो आणि जमिनीवर पसरतो, हे मला नंतर कळलं असं मी म्हणू शकलो असतो. पण पाइप आत घ्यायचा नाही हे तर मला आधीपासून माहीत होतं. पेरांवर अजून वळ होते त्याचे.

"सुईवरून नजर हटवू नको," मी दादाला सांगितलं. "मिस्त्री चामडी सोलेल."

आणि मी बाहेर गेलो. खानसाम्याने मला पुलाव दिला. एका पाहुण्याने विचारलं, थंडीचं मशीन कधी चालू होणार, आणि मी ऐटीत म्हटलं, उद्या. त्याने मला सिगारेट दिली. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला मिस्त्री म्हणून हाक मारली.

तासाभराने दार उघडलं आणि दादा चौकटीला धरून उभा राहिला. चेहरा घामाने डबडबलेला. "भाऊ," तो म्हणाला, "डोकं गरगर करून राह्यलं. सुई दोन-दोन दिसून राह्यल्या."

पाहुणे बघत होते. मला लाज वाटली, त्याची नाही, माझी. माझ्या हाताखालचा माणूस असा चौकटीला लटकलेला. मी जवळ गेलो, दातओठ खात म्हटलं, "नाटकं नको करू. जाऊन बस." तो वळला. आत जाऊन परत जमिनीवर बसला असणार, कारण दार मीच त्याच्या पाठीमागं लावून घेतलं.

मी सांगितलं आणि तो गेला. यात त्याचं काय चुकलं ते मी पुष्कळ शोधलं आहे. सापडत नाही.

त्यानंतर किती वेळ गेला सांगता येत नाही. पाहुणे हात धुऊन खोल्यांत आडवे झाले. मग माझ्या लक्षात आलं, पंपाचा आवाज बंद आहे. दार उघडलं. दादा जमिनीवर कुशीला पडला होता, तोंडातून लाळ, डोळे अर्धे उघडे. श्वास चालू होता. आणि मशीनचा व्हॉल्व्ह घट्ट बंद होता. पडण्याच्या आधी, सुई दोन दिसत असताना, पाय लटपटत असताना त्या माणसाने आधी व्हॉल्व्ह आवळला होता आणि मग बटण बंद केलं होतं. बरोबर त्याच क्रमाने. नाहीतर तेल आणि त्या बादलीतलं पाणी नळ्यांत ओढलं गेलं असतं आणि मशीन मातीत गेलं असतं. प्यालेल्या माणसाला हे जमत नाही. हे मला तिथंच, त्याच क्षणी कळलं.

मी काय केलं ते क्रमाने सांगतो. आधी खिडकी उघडली. मग बादली उचलून मागच्या बाजूला ओतून आलो. पाइप पुसला आणि खिडकीबाहेर सोडला. पंप पुन्हा सुरू केला, व्हॉल्व्ह उघडला. एवढ्यात ट्रकचा हॉर्न ऐकू आला. सगळ्याला वेळ मिळाला मला. त्याला उचलून बाहेर न्यायला तेवढा मिळाला नाही.

मिस्त्री आत आला. एक नजर सुईकडं, एक नजर जमिनीकडं. तो माझ्यासारखा गाढव नव्हता. त्याने पहिला प्रश्न तोच विचारला.

"पाइप बाहेर होता ना?"

"बाहेरच होता," मी म्हटलं.

"पूर्ण वेळ?"

"पूर्ण वेळ. पाहा ना, आताही बाहेरच आहे."

मिस्त्री खाली वाकला, दादाचं तोंड हुंगलं. गोडसर वास येत होता. त्या गॅसाने माणसाच्या श्वासाला तसा वास येतो. दादाने डोळे उघडले, काहीतरी बडबडला, जीभ वळत नव्हती. उठायला गेला आणि भिंतीवर आदळला. मिस्त्रीने माझ्याकडं पाहिलं. "मोहाची आहे," तो म्हणाला. "साला, आठ दिवस नाई धरू शकला."

"पंप बंद करून पडला होता," मी म्हटलं. "मी येऊन व्हॉल्व्ह लावला, म्हणून मशीन वाचलं."

हे मला कोणी विचारलं नव्हतं.

मिस्त्रीने माझ्या पाठीवर थाप मारली आणि दादाला लाथ घातली. दोन माणसांनी त्याला ओढत बाहेर नेलं. सेठ आला, पाहुण्यांसमोर तमाशा झाला म्हणून त्याचं डोकं भडकलं होतं. दादाला सागवानाच्या ओंडक्यांना टेकवून बांधलं. दारू उतरावी म्हणून चिंचेचं पाणी पाजलं, ते त्याने ओकून टाकलं, मग पुन्हा पाजलं. बादल्या ओतल्या डोक्यावर. मुनशीने वेताची काठी आणली. दादा फक्त एकच गोष्ट सांगत होता, जड जिभेने, पुन्हा पुन्हा: "नाई पेलो. नाई पेलो." जितक्या वेळा म्हणे तितक्या वेळा लोक हसत, कारण सगळे प्यालेले असंच म्हणतात. मीही हसलो. खोटं कशाला सांगू, हसलो.

पुढं कित्येक वर्षांनी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने मला सांगितलं की असा माणूस मोकळ्या हवेत पडला तरच वाचतो. म्हणजे त्याला उघड्यावर बांधलं म्हणून तो जगला. आम्ही दया दाखवून त्याला खोलीत झोपू दिलं असतं तर मेला असता. आमच्याकडं दया नव्हती, हे त्याचं नशीब.

तिसऱ्या दिवशी मशीन चालू झालं. थंड खोलीत काकवीसारखं गडद रक्त गळणारं सांबर टांगलं गेलं, बीअरच्या बाटल्यांना घाम फुटला, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. सेठने मला नवा सदरा दिला. मिस्त्री मशीन माझ्या हवाली करून नागपूरला निघून गेला. जाताना म्हणाला, "हात बसला तुझा."

दादा त्याच्या गावी गेला तो दोन माणसांच्या खांद्यावर. त्याचे हात थरथरायला लागले होते, ते काही थांबेनात. डोळ्यांना एकाचे दोन दिसायचे. आणि त्या दिवसाचं त्याला काहीच आठवत नव्हतं. सकाळी पंपापाशी बसलो, एवढंच आठवे. बाकी सगळं पुसलेलं. बाजाराच्या दिवशी बातमी बायकोच्या गावात पोचली, पोचणारच.

दहा-बारा दिवसांनी दुपारी मी मशीनच्या खोलीबाहेर बसलो होतो. सेठ चांद्याला गेला होता, मुनशी झोपला होता. बंगल्यावर दुसरं कोणी नव्हतं. हे मुद्दाम सांगतो, कारण मला त्या दिवशी कोणाची भीती नव्हती. फाटकातून तिघं आली. पुढं दादा, काठी टेकत, मागं एक बाई आणि तिचा भाऊ. बाईचा डावा हात कोपरापाशी वाकडा जुळलेला होता. तिच्या डोक्यावर गाठोडं होतं. बरण्या, कपडे, असलं संसाराचं. म्हणजे ती राहायच्या तयारीने आली होती. धान कापून झालं होतं.

भाऊ बोलला. "हा म्हणते मी नाई पेलो. सारं गाव म्हणते पेला. पंच म्हणाले, बंगल्यावर जाऊन विचारा, तिथचा माणूस काय म्हणते ते पाहा."

"याले विचारा," दादा म्हणाला. काठीवरचे त्याचे हात हलत होते, काठीही हलत होती. "हा भाऊ तिथीच होता दिवसभर. मले आठवत नाई, पण याले आठवते. हा खोटं नाई बोलणार."

बाईने गाठोडं खाली ठेवलं. माझ्याजवळ आली. तिचं मराठी मोडकं होतं, शब्द निवडून बोलली. "भाऊ, मले मारलं त्यानं, तरी आली मी. पोरगी रोज विचारते. तू खरं सांग. पेला होता का?"

मी एक शब्द बोललो असतो तर झालं होतं. नाही. दोन अक्षरं. तेवढं बोलून गप्प बसलो असतो तरी चाललं असतं, पाइपाचं सांगायचीही गरज नव्हती. पण नाही म्हटलं की भाऊ विचारणार, मग काय झालं होतं त्याला. तो पंचांना सांगणार, पंच मुनशीला विचारणार, मुनशी म्हणणार खिडकी तर मीच लावायला सांगितली होती, आणि हे फिरत फिरत नागपूरला मिस्त्रीच्या कानावर जाणार. एवढं सगळं मी उभ्या उभ्या एका श्वासात मोजलं. नव्या सदऱ्याची कॉलर मानेला टोचत होती.

"पेला होता," मी म्हटलं. "मी माझ्या डोळ्यांनं पाह्यलं."

बाई माझ्याकडं बघत राहिली. रडली नाही. भावाशी गोंडीत काहीतरी बोलली, ते मला कळलं नाही. मग तिने गाठोडं उचललं, चांगल्या हाताने डोक्यावर घेतलं, आणि फाटकाबाहेर गेली. भाऊ दादाच्या पायापाशी थुंकला आणि तिच्या मागं गेला.

दादा तिथंच उभा. मला वाटलं आता हा माझ्यावर धावून येईल. यावा असं वाटत होतं, मी त्याला ढकलून दिलं असतं आणि मोकळा झालो असतो. पण तो विचारात पडला होता. कपाळाला आठ्या घालून तो आठवायचा प्रयत्न करत होता, हे मला स्पष्ट दिसत होतं. आठवत नव्हतं. आणि आता त्याची खात्री पटली होती, कारण मी सांगितलं होतं.

"मंग पेलोच असन," तो म्हणाला. "तू पाह्यलं म्हणतोस तर." थोड्या वेळाने तो खाली बसला, काठी बाजूला ठेवली आणि थरथरणारे दोन्ही हात जोडले. "माफ करजो भाऊ. तुमच्या मशीनपाशी पेऊन बसलो. मिस्त्रीलेही सांगजो, माफी मागत होता म्हणून."

मी त्याला माफ केलं.

"जाऊ दे," मी म्हटलं. "पण आता पुढं नको पिऊ."

"नाई पेत भाऊ," तो म्हणाला. "आता कधीच नाई पेत."